गुरुवारची भरती

सगळी गल्ली त्यांना कवळीवाले म्हणायची, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. एकतीस वर्षं ते दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवत होते. मेणात एकेक दात बसवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे, हिरडीचा रंग जुळवायचा, वरचा-खालचा चावा नीट बसतोय का ते पुन्हा पुन्हा बघायचं. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या हातचं आहे," असं ते म्हणत, आणि वर "उरलेल्या अर्ध्याचंही येईल, दात तर पडू देत," अशी पुस्ती जोडत.

तोच हात थरथरायला लागला. आधी नुसता उजवा अंगठा. त्यांनी चहाला दोष दिला, मग अपुऱ्या झोपेला, मग वयाला. डॉक्टरांनी त्यांना चालून दाखवायला लावलं, बोटं टेबलावर आपटायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला लावली आणि कंपवात आहे असं सांगितलं. बरा होत नाही, गोळ्यांनी आवरता येतो, तोही काही वर्षं. प्रयोगशाळेच्या मालकांनी त्यांना मेणाच्या टेबलावरून उठवून प्लास्टर ओतायला बसवलं, तिथून पार्सलं नोंदवायला बसवलं, आणि एका सोमवारी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता जरा घरी आराम करा." हा 'जरा' किती दिवसांचा, तो विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

गाडी मात्र त्यांनी आपणहून सोडली. शाळेपाशी वळताना पाय वेळेवर ब्रेकवर गेलाच नाही आणि गाडी फाटकाच्या खांबावर आदळली. लागलं कोणालाच नाही. पण मिनिटभरापूर्वी त्या खांबाशी तीन मुली वेण्या उडवत उभ्या होत्या. त्या वेण्या कवळीवाल्यांना पुढे कित्येक दिवस दिसत राहिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं आणि किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

गाडीबरोबर पक्षीही गेले. सव्वीस वर्षं थंडीतला जवळजवळ प्रत्येक रविवार त्यांनी समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी काढला होता. पहाटे निघायचं, चिखलात पालथं पडून फोटो काढायचे, अंधार पडायच्या आत घरी. त्यांचा सगळ्यात लाडका पक्षी कालवफोड्या. काळापांढरा, गाजरासारखी लांब लाल चोच, शिंपले फोडून आतलं खाणारा. "चोच कसली, आमच्या प्रयोगशाळेतलं हत्यार आहे ते," असं ते कौतुकानं सांगत.

नोकरी सुटली तेव्हापासून पाच महिने ते खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. बायको शाळेच्या ऑफिसात कारकून. ती सकाळी जाताना ते खुर्चीत, संध्याकाळी येताना खुर्चीत. दाढी वाढली होती. विचारलं तर उत्तर देत, न विचारलं तर तेही नाही. लेक फोनवर म्हणायची, "आई, बाबांना कशात तरी गुंतव." बायको म्हणायची, "कशात गुंतवू? ते काय लोकर आहेत?"

आणि एका मंगळवारी ती घरी आली तर जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. बसचं वेळापत्रक, भरती-ओहोटीचा तक्ता, गोळ्यांची चिठ्ठी. कवळीवाल्यांनी दाढी केली होती. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं, पण केली होती.

"बस," ते म्हणाले. "आणि पेन घे. माझं अक्षर आता मुंगीएवढं येतं, मलाच वाचता येत नाही."

"काय लिहायचंय?"

"खाडीवर जायचं. बसनं."

तिनं पर्सही खाली ठेवली नाही, तशीच बसली.

त्यांनी समजावून सांगितलं. ओहोटीला पक्षी मैलभर चिखलात पांगलेले असतात, नुसते ठिपके. भरती चढायला लागली की चिखल पाण्याखाली जातो, आणि सगळे कालवफोडे बांधासमोरच्या गोट्यांच्या उंचवट्यावर येऊन दाटीवाटीनं बसतात. तासभर बसतात. तोच तास आपला. पण ती भरती सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला यायला हवी, कारण साडेअकरानंतर ऊन डोळ्यांवर येतं आणि पक्षी नुसते काळे दिसतात. बस त्याआधी पोचायला हवी. आणि चौथी गोष्ट गोळी. गोळी घेतली की पाऊण तासानं हात शांत होतो आणि दीडेक तास शांत राहतो. रोज नाही, पण बहुतेक दिवस.

"म्हणजे गोळी साडेनऊला," ती लिहिता लिहिता म्हणाली.

"साडेनऊला, बसमध्ये. आणि सकाळी अंडं नको. अंड्यानं गोळी लागत नाही."

"चार-चार घड्याळं जुळवताय. एवढी जुळवाजुळव आपल्या लग्नात नव्हती हो झाली."

कवळीवाले हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. तिनं मान खाली घालून उगाचच एक ओळ पुन्हा गिरवली.

दोनच दिवस जुळत होते. पुढच्या महिन्यातला पहिला गुरुवार, भरती दहा चाळीसला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी एक शुक्रवार. गुरुवार ठरला. मुख्याध्यापिकाबाईंनी सुट्टी द्यायला जरा कुरकुर केली, बायकोनं घरचं कारण सांगितलं. लेकीला कळल्यावर तिचा लगेच फोन. "बाबा, मी रजा टाकते, गाडीनं नेऊन आणते. दोन-दोन बस कशाला बदलताय?"

"मला पोचवायला नको," कवळीवाले म्हणाले. "मी अजून सामान झालेलो नाही."

मधल्या मोठ्या स्थानकावर बस बदलायला बारा मिनिटं मिळत होती. कवळीवाले बायकोला घेऊन आधी दोनदा तिथपर्यंत जाऊन आले. घड्याळ लावून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर चालले. एकदा सात मिनिटं लागली, एकदा नऊ. स्वच्छतागृह कुठे, बाक कुठे, पायऱ्या किती, सगळं बायकोनं लिहून घेतलं. घरी आल्यावर ते गादीवर पालथे पडून कॅमेरा धरायचा सराव करत. खिडकीबाहेरच्या कबुतराचे त्यांनी बत्तीस फोटो काढले. त्यातले पाच बरे आले. पाच! ते त्यांनी बायकोला दाखवले, लेकीला पाठवले, आणि पेपर टाकायला आलेल्या माणसालाही थांबवून दाखवले. तो बिचारा म्हणाला, "छान आहे कबूतर."

त्या दिवसांत बायको ऑफिसात गुणगुणायला लागली होती, असं तिच्या शेजारच्या टेबलावरची बाई नंतर सांगायची.

गुरुवार उजाडला आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पहिली बस वेळेवर आली. बदलायला आठ मिनिटं लागली. दुसऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. साडेनऊला बायकोनं गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, बाटलीचं झाकण उघडून दिलं. आकाशात ढगाचा ठिपका नाही, वारा नाही. ट्रायपॉड तिच्या खांद्यावर, कॅमेऱ्याची पिशवी त्यांच्या. बांधावर पोचले तेव्हा दहाला दहा कमी होते आणि पाणी अजून लांब होतं.

कवळीवाल्यांनी घडीच्या स्टुलावर बसून ट्रायपॉड उभा करवून घेतला, कॅमेरा वर बसवला. बायको त्यांच्या मागे दोन हात अंतरावर जमिनीवरच बसली. तिनं गडद कपडे घातले होते, त्यांनीच सांगितलं होतं तसे.

"आता बोलायचं नाही," ते म्हणाले.

तिनं मान हलवली.

सव्वादहाला हात शांत व्हायला हवा होता. झाला नाही. कवळीवाल्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. दहा वीस. दहा पंचवीस. पाणी चिखलावरून सरकत येत होतं, ताटात सांडलेल्या दुधासारखं, आवाज न करता. आणि मग ते यायला लागले. आधी सहा-सात, मग पन्नास, मग मोजायची सोय राहिली नाही. पाण्यालगत उडत यायचे, उंचवट्यावर उतरायचे, शेजाऱ्याला ढकलून जागा करायचे, तक्रार केल्यासारखे ओरडायचे आणि एका पायावर उभे राहायचे. ऊन थेट त्यांच्या अंगावर. लाल चोची पेटल्यासारख्या दिसत होत्या. सव्वीस वर्षांत इतके जवळ आणि इतके निवांत कवळीवाल्यांनी पाहिले नव्हते.

त्यांनी हात कॅमेऱ्यावर ठेवला. हाताची थरथर कॅमेऱ्यात गेली, कॅमेऱ्यातून ट्रायपॉडच्या पायांत गेली, आणि डोळ्यासमोर सगळा उंचवटा नाचायला लागला. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग डावाही थरथरायला लागला. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावर बघितलं, तर काळ्यापांढऱ्या रेघा आणि मधून लाल ओरखडे. घाम डोळ्यात उतरला. अंगठा बटणावरून घसरत होता. साठ-सत्तर फोटो झाले, एकातही पक्ष्याला डोळा नव्हता. ते स्वतःला सांगत होते, शांत हो, गोळी लागेल, अजून वेळ आहे. पण जितकं सांगत तितका हात जास्त उडत होता, जणू तो त्यांचा नव्हताच.

मागून बायको पुढे सरकली. अगदी हळू, कानाशी येऊन म्हणाली, "अहो, मी धरू का?"

"गप्प बस!"

ते ओरडले. केवढ्यानं ओरडले ते त्यांना स्वतःला कळलं नाही, पण समोर कळलं. अख्खा उंचवटा एकदम उचलला गेला. शेकडो पंखांचा आवाज झाला, एक मोठा काळापांढरा पडदा पाण्यावर वळला, पुन्हा एकदा वळला आणि खाडीच्या पलीकडच्या काठाला निघून गेला. गोटे तेवढे उरले, ओले, पांढऱ्या शिटांनी भरलेले.

दहा बावन्न झाले होते. सगळं वेळेवर होतं. भरती, बस, ऊन, सगळं.

कवळीवाले पाण्याकडे बघत होते. शेवटी बायकोच बोलली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्यांना जड गेलं.

"सव्वीस वर्षं तुम्ही मला सांगत आलात, तुला गप्प बसवत नाही, तू आलीस तर पाखरं उडून जातील. म्हणून मी कधी आले नाही. आज सकाळपासून मी खोकलासुद्धा गिळलाय."

कवळीवाल्यांनी कॅमेऱ्यावरून हात खाली घेतला.

"मला फोटो नको होता हो," ती म्हणाली. "मला ते नुसते बघायचे होते. अजून अर्धा तास बसले असते ते." मग ती उठली आणि ट्रायपॉडचे पाय दुमडायला लागली. एक पाय अडकला होता. तिला तो दुमडता येईना, आणि कसा दुमडतात ते कवळीवाल्यांना सांगता येत होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. ती तसाच तो उघडा पाय घेऊन चालायला लागली.

परतीची बस यायला चार तास होते. दोघं थांब्यावरच्या बाकावर बसून राहिले. तिनं डब्यातली उकडलेली अंडी सोलून त्यांना दिली. त्यांनी एक खाल्लं. दुसरं हातातून सुटून पडलं, तिनं ते उचलून झुडपाकडे टाकलं.

बस आली आणि दारापाशी कवळीवाल्यांचे पाय जमिनीला चिकटले. हे पूर्वी घरात दोन-तीनदा झालं होतं, उंबऱ्याशी. बाहेर कधी नाही. त्यांना चढायचं होतं, मन चढत होतं, पण पाय मातीत रोवल्यासारखे. मागे माणसं खोळंबली. कोणीतरी म्हणालं, "आजोबा, चला की." बायको हात धरून ओढू लागली तसे ते उलट मागे झुकले. आतली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली.

ड्रायव्हर खाली उतरला. धिप्पाड माणूस, मिशा पांढऱ्या. त्यानं बायकोला बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतःचा बूट कवळीवाल्यांच्या पावलांसमोर आडवा ठेवला.

"माझ्या पायावरून पाय टाका काका. जमिनीकडे बघू नका, माझ्या बुटाकडे बघा. हं, टाका."

कवळीवाल्यांचा पाय उचलला गेला, बुटावरून पलीकडे पडला, मग दुसरा, मग पायरी.

"माझ्या वडिलांचं असंच होतं," ड्रायव्हर बायकोला म्हणाला. "शेवटची सहा वर्षं."

त्यानं ते चांगुलपणानं सांगितलं होतं. पण तो 'शेवटची' शब्द कवळीवाल्यांना सोसवला नाही. माणसांच्या नजरा, ओढाओढ, 'आजोबा' म्हणणं, ते सगळं त्यांनी सोसलं असतं. घरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि बायको समोरच्या सीटच्या दांडीकडे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेरा खोक्यात भरायला सांगितला. बायकोनं भरला. लेकीचा फोन आला तेव्हा "झालं सगळं छान," एवढंच म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. पुन्हा खुर्ची, पुन्हा खिडकी. दाढी वाढू लागली. आणि या खेपेला बायकोनंही त्यांना काही सुचवलं नाही, हे त्यांच्या लक्षात येत होतं. ती जेवायला वाढत होती, गोळ्या देत होती, शर्टाची बटणं लावत होती, पण बटणं लावताना पूर्वी काहीबाही बडबडायची ते बंद झालं होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी धीर केला. "त्या दिवशी मी ओरडलो."

"हं."

"ओरडायला नको होतं."

"जाऊ दे. झालं ते झालं. मला भाजी चिरायचीय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना काहीतरी करता आलं असतं.

दहाएक दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी, ती डबा घासता घासता म्हणाली, "उद्या मी जाऊन येते."

"कुठं?"

"खाडीवर. उद्या भरती अकराला पाच कमी असताना आहे. बाईंकडून सुट्टी घेतलीय."

कवळीवाल्यांना वाटलं, ती विचारेल, येता का. तिनं विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो, हेही त्यांना सांगता आलं नसतं. ते एवढंच म्हणाले, "बांधाच्या डाव्या हाताला बस. उजवीकडे सावली पडते आपली."

"माहीत आहे. मीच तर लिहिलंय सगळं."

शुक्रवारी ती पहाटे गेली. टेबलावर तीन वाट्यांत तीन वेळच्या गोळ्या, पाण्याची बाटली झाकण सैल करून, ब्रेडचे तुकडे फडक्याखाली. कवळीवाले खुर्चीत बसले. घरात फ्रिजचा आवाज येतो हे त्यांना माहीतच नव्हतं. दिवसाउजेडी घर इतकं मोठं असतं, हेही नव्हतं माहीत. साडेनऊची गोळी त्यांनी घेतली. बस आता कुठे असेल, ती बांधावर पोचली असेल का, ट्रायपॉड नाही म्हणजे चालणं सोपं, असं काहीबाही मनात येत होतं.

सव्वादहा झाले आणि हात थांबला.

त्यांना आधी कळलंच नाही. पाण्याचा घोट घेऊन बाटली खाली ठेवली तेव्हा ती वाजली नाही, म्हणून त्यांनी हाताकडे बघितलं. हात टेबलावर पडला होता, नुसता, एखाद्या भल्या माणसाच्या हातासारखा. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवली. जुळली. ब्रेडचा एक कण चिमटीत उचलला, दुसऱ्या कणाशेजारी ठेवला, त्याच्याशेजारी तिसरा, केसभर इकडे, केसभर तिकडे. कणांची एक सबंध रांग केली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. हात शांत होता. पावणेबाराला अंगठा हलकेच उडायला लागला आणि रांग मोडली. मग कवळीवाल्यांनी डोकं टेबलावर टेकलं आणि रडले. घरात कोणी नव्हतं, म्हणून आवाज आवरायचं कारण नव्हतं, तरी त्यांनी आवरला.

संध्याकाळी ती आली. चेहरा उन्हानं रापलेला, बुटांना चिखल. दारातच बसून ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"आले होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जवळ?"

"एक तर इथून त्या कपाटाएवढ्या अंतरावर. शिंपला घेऊन आला होता. इतका वेळ खटपट केली त्यानं, आणि शेवटी..." ती बोलता बोलता हसली, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबली.

"सांग ना. पुढे?"

"फुटला एकदाचा," ती म्हणाली. बाकीचं तिनं सांगितलं नाही. बूट बाजूला ठेवले, आत येऊन वाट्या बघितल्या, तिन्ही रिकाम्या होत्या. टेबलावरचे ब्रेडचे कण तिनं हातानं गोळा करून ओंजळीत घेतले.

"हात कसा होता आज?"

"तसाच," कवळीवाले म्हणाले. "नेहमीसारखाच."